हँडलखालचा वळसा

पोवई नाक्यावर कीर्ती कंपनीच्या बसची वाट पाहत उभी होती, आणि पुढची एसटी वळेना म्हणून एक पांढरी स्कूटर नेमकी तिच्यासमोर येऊन थांबली. विजेवरची, थांबली की जिचा काहीच आवाज येत नाही अशी. तिचीच म्हणायची, गाडी दुसऱ्या कंपनीची, पण तिच्या पोटातलं सगळं वायरिंग इथल्या एमआयडीसीत, कीर्तीच्या टेबलावर काढलेलं. रस्त्यात असं आपलं काम भेटलं की तिला बरं वाटायचं. सीटखालून निघणारी जाड नारिंगी केबल, तिच्यापासून अंतर राखून चाललेल्या बारीक वायरी, त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा, सगळं तिला प्लास्टिकच्या आतून दिसायचं. बहिणीच्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय आहे ते न उघडता माहीत असतं तसं. आज मात्र तिला बाहेरचंच दिसलं. पुढे पाय ठेवायच्या जागेवर, बापाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक मुलगी उभी होती. शाळेचा स्वेटर, लाल रिबिनी. ती एका कुत्र्याकडे बघत होती आणि तिच्या दोन्ही मुठींत हँडलच्या खालून निघून गाडीच्या अंगात शिरणारा काळा वळसा होता. बोटाएवढा जाड, टेप गुंडाळलेला. एसटी हलली, बापाने हँडल डावीकडे मारलं, मुलगी त्याच्याबरोबर झोकांडली आणि सावरण्यासाठी तिने तो वळसा सगळ्या वजनानिशी मागे खेचला. बसच्या दांडीला धरावं इतक्या सवयीने. मग स्कूटर गेली. कुत्रा तिथेच होता. कीर्तीने पर्समधला मोबाइल चाचपला, आणि ते त्या मुलीसाठी नव्हतं. ते रविवारसाठी होतं. रविवारी गावाकडे, सासऱ्यांच्या अशाच पांढऱ्या गाडीवर, तिची स्वतःची तीन वर्षांची आर्जवी पुढे उभी राहून ओरडली होती, ‘आई, हे बघ माझं हँडल!’ आणि कीर्ती हसली होती. फोटो काढला होता. तो स्टेटसला ठेवून खाली लाल बदाम टाकला होता.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिने तो फोटो पुन्हा उघडला. दोन बोटांनी मोठा केला. आर्जूचं हसू मोठं झालं, मग कानटोपीची लोकर, मग मूठ. मुठीच्या वर, जिथे वळसा क्लिपमध्ये बसलेला असायला हवा, तिथे चित्र फाटून चौकोन चौकोन झालं. क्लिप आहे की नाही ते कळेना. तिला आठवत होतं की आहे. मग वाटलं, आपल्याला ड्रॉइंगमधली आठवते आहे. हँडल फिरतं आणि गाडीचं अंग फिरत नाही, म्हणून मधल्या वायरींना ढील द्यावी लागते. कमी दिली तर त्या ताणून तुटतात, जास्त दिली तर लोंबतात. ही ढील तिने गावाकडेच ठरवली होती, आर्जू पाळण्यात असताना. तेव्हा कंपनीने घरून काम करू दिलं होतं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती लॅपटॉपसमोर बसायची, पाय हलवत राहायची आणि पडद्यावरचं हँडल डावीकडे उजवीकडे फिरवत वळसा कुठे तटतो ते बघायची. पाळणा आणि हँडल एकाच लयीत. कधी पाळण्यातलं रडं थांबायचं ते झोप लागली म्हणून नव्हे, दोरी बाळाच्या हाताला लागली म्हणून. अंगठ्याला एक अलगद हिसका यायचा. पलीकडून कुणीतरी धरलंय असा. तो हिसका आला की कीर्तीला पान्हा फुटायचा, आणि ती फाइल सेव्ह करून उठायची. नंतर त्या वळशाची चाचणी झाली. एका लोखंडी सांगाड्यावर हँडल बसवून यंत्राने ते आठवडेच्या आठवडे फिरवलं, उष्ण पेटीत, गार पेटीत, धुळीत. एक वायर तुटली नाही. तिच्या साहेबांनी, जयराजसरांनी, सगळ्यांना कंदी पेढे वाटले. त्या सांगाड्यापुढे कुणी उभं नव्हतं, हे आत्ता बस वाढे फाट्याकडे वळताना तिच्या ध्यानात आलं.

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी, गुणमालाआत्तींनी, उचलला. मागे भांड्यांचा आवाज.

‘आत्ती, आर्जू उठली?’

‘कवाच. बस्तीला गेल्यात दोघं, दर्शनाला. अज्जा आन् नात. का गं?’

‘गाडीवरनं गेले?’

‘मग काय चालत? ती ऐकती व्हय! काल म्हणती कशी, अज्जा, गाडी मी चालिवते, तू नुसता माझ्या मागं बस.’ आत्ती मनापासून हसल्या. ‘तुझीच लेक. वायरी मोजती बग हितं बसून.’

‘आत्ती, तिला पुढं उभं करू नका म्हणावं अण्णांना.’

‘आँ? का?’

इथे सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. पण कीर्तीच्या तोंडून निघालं, ‘थंडी आहे ना. वारं लागतं.’

‘कानटोपी घातलीया की.’

घातलीया की. फोन ठेवल्यावर तिने ओढणी गळ्याभोवती घट्ट केली, जसं वारं तिलाच लागत होतं. सांगता का आलं नाही? आर्जूला तिथे ठेवून कीर्तीने आठवडाभर साताऱ्यात खोली घेऊन राहायचं, शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं, यावर त्या घरात एके काळी फार बोलणं झालं होतं. रागाचं नाही, ताट वाढता वाढता, सहज. ‘किती शिकली तरी लेकरू ते लेकरूच.’ आणि मग अण्णांनी, तिच्या सासऱ्यांनी, ही गाडी घेतली आणि सगळं बोलणं थांबलं. भूपाल अण्णा डेअरीवर, जैन बस्तीच्या कट्ट्यावर, उसाच्या तोडीवर आलेल्या माणसांनाही गाडी थांबवून सांगायचे, ‘ह्या गाडीच्या नसा आमच्या सूनबाईनं काढल्यात. डाक्टरीण हाय ती गाड्यांची.’ माणसं वाकून बघायची. नसा दिसायच्या नाहीत, एक वळसा तेवढा दिसायचा, तर अण्णा तोच बोटाने दाखवायचे. त्या वळशावर कीर्तीची नोकरी टांगलेली होती. आता त्यालाच धरू नका म्हणायचं.

कारखान्यात नेहमीसारखाच वास होता, गरम टेपचा आणि नव्या प्लास्टिकचा. लांब फळ्यांवर, इथे त्यांना बोर्ड म्हणत, खुंट्या ठोकलेल्या, फळ्या हळूहळू सरकणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर चालत बायका खुंट्यांमधून वायरी ओवत होत्या. कीर्ती तिथून न थांबता लॅबमध्ये गेली. कोपऱ्यात नमुन्याची गाडी उभी होती. तिने सँडल काढल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि पाय ठेवायच्या जागेसमोर गुडघे टेकले. डोकं आर्जूच्या डोक्याएवढं खाली नेलं.

‘मॅडम, कानातलं पडलं काय?’ शिवांजलीने दारातून विचारलं. ती चाचणीचे नमुने लावायची.

‘नाही.’

‘मग दंडवत कुणाला?’

‘शिवांजली, तुझी पोरगी गाडीवर पुढं उभी राहते?’

‘तर! मागं बसली तर झोपती की ती. पुढं बरी, डोळ्यासमोर ऱ्हाती.’

डोळ्यासमोर राहते. तेच. मागे बसवलेलं मूल दिसत नाही, झोपलं तर कळत नाही. म्हणून इथे सगळी मुलं पुढे असतात, बापाच्या छातीशी, आज्याच्या दाढीखाली. कीर्तीही तशीच वाढली होती, वडिलांच्या स्कूटरवर, मिरजेच्या रस्त्याला, स्पीडोमीटरचा काटा आपणच हलवतो अशा समजुतीत. खालून बघताना गाडी वेगळीच होती. हँडलच्या मुठी वर, फार लांब, दोन बाजूंना पसरलेल्या. मोठ्या माणसाच्या हातांनी आधीच भरलेल्या. समोरचं प्लास्टिक गुळगुळीत, बोटं ठरणार नाहीत असं. त्याच्यावरची फट नखापुरती. आरसे आभाळात. तिने सगळीकडे हात फिरवून पाहिला. या अख्ख्या गाडीत लहान हाताला धरता येईल अशी एकच गोष्ट होती. गोल, मऊ, उबदार टेपची, बोटाएवढी. बाळाच्या मुठीत बसावी एवढी. ही जाडी तिनेच ठरवली होती. एवढी मोठी गाडी शंभर जणांनी मिळून मोठ्या माणसांसाठी बनवली आणि तिने एकटीने, नकळत, त्यात मुलांसाठी एक हँडल ठेवलं. तिला थोडं रडू आलं आणि त्याच वेळी तिने वळसा मुठीत धरून खाली खेचला. क्लिप बसलेलीच राहिली. पुन्हा खेचला, कडेला तिरका, झोकांडल्यासारखा. क्लिपने कट्‌ असा बारीक आवाज केला. निघाली नाही. निघणार होती का? आपण मोठ्याने खेचतोय की मुलासारखं? मूल किती खेचतं?

‘मुलं धरतात,’ ती जयराजसरांना म्हणाली. ते डबा उघडत होते.

‘काय धरतात? कुणाची मुलं?’

‘हँडलखालचा लूप. सगळ्यांची. पुढं उभी राहतात ती. सर, एकदा क्लिप निघाली की तो खाली लोंबणार. हँडल पूर्ण वळवलं की लोखंडाच्या दोन कडांमध्ये चेमटणार. रोज थोडा थोडा. मग आतली वायर उघडी पडून चेसीला लागली की फ्यूज उडाला. दिवे गेले, ब्रेकलाइट गेला, मोटर बंद. चालत्या रस्त्यात.’

‘एक तक्रार आलीय?’

‘नाही.’

‘गाडीबरोबरच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापलंय, मुलांना पुढं उभं करू नये. चित्र काढून वर फुली मारलीय.’

‘तुम्ही तुमच्या ऋषिराजला शाळेत कसं सोडता?’

जयराजसर हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, ‘ते वेगळं. माझी गाडी पेट्रोलची आहे.’ आणि आपण काय बोललो ते कळून डब्याचं झाकण लावलं. ‘हे बघ कीर्ती, मी तुझ्या बाजूनं आहे. पण आज संध्याकाळी नव्या मॉडेलचं ड्रॉइंग पक्कं होतंय, सोमवारी बोर्ड लागतात, लूप तोच. आत्ता थांबवायचं तर मी काय लिहू? पोरगं लोंबकळतं? गाडीवाली कंपनी विचारणार, किती न्यूटन? कुठल्या दिशेनं? मला आकडा दे, मी भांडतो. आकडा नसला तर ते म्हणतील, तुमच्या मॅडमना बरं नाही का.’ थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात, ‘तू अर्धा दिवस घे. पोरीला भेटून ये. फार ओढाताण चाललीय तुझी.’

त्यांच्या चांगुलपणानेच ती घाबरली. वाद घातला असता तर ती इंजिनिअर राहिली असती. आता ती आई झाली होती, पोरीच्या आठवणीने हळवी झालेली, आणि तिच्या भीतीला कुठल्याच ड्रॉइंगमध्ये जागा नव्हती. तिचं तिलाही नक्की सांगता येत नव्हतं. आर्जू झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला टोक आलं होतं. टेबलांना, कात्रीला, शेंगदाण्यालासुद्धा. विहिरीचा कठडा, गोठ्यातली म्हैस, मिक्सरचं बटण, सगळ्यांनी तिच्या मुलीसाठी दबा धरला होता, आणि त्यातलं काहीच खरं झालं नव्हतं. आर्जू शेंगदाणे खाऊन, म्हशीच्या पोटाखालून जाऊन, छान वाढली होती. मग ही भीती त्याच रांगेतली? की या एका भीतीचा कारखाना खरा आहे, तिच्या हातचा आहे? आईची भीती कुठे संपते आणि कामाची कुठे सुरू होते ते वेगवेगळ्या रंगाच्या वायरींसारखं दिसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यावर एकच काळी टेप होती.

दुपारी अण्णांनी फोन उचलला नाही. आत्तींनी उचलला. ‘आगं, आष्ट्याला गेल्यात. पेंड आणाय. पोरगी झोपलीच न्हाई, म्हटली मीबी येणार. का गं सारखा फोन? बरं हाय न्हवं तुझं?’

आष्ट्याचा रस्ता. गळिताचा हंगाम. दोन दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मोठ्याने गाणी लावून, मागचं काही न दिसणारे. कीर्तीने पर्स उचलली.

एसटी भरलेली होती. उंब्रजपर्यंत ती उभीच होती, वरची दांडी धरून, आणि दर वळणाला आपण किती जोर लावतो ते मोजत होती. कऱ्हाडला जागा मिळाली. पलीकडे एक बाई मांडीवरच्या मुलाला शेंगा सोलून देत होती. मुलाने एक हात शेंगांसाठी मोकळा ठेवला होता, दुसऱ्यात आईच्या पदराचं टोक. झोपेतसुद्धा सोडत नाहीत. सोमवारी पहाटे उठताना तिच्या ओढणीचं टोक आर्जूच्या मुठीत असतं. अंगठ्यापासून सुरुवात करायची नाही, मूठ अजून आवळते, हे तिला आता कळलं होतं. करंगळीपासून, एक एक बोट, श्वास रोखून. शेवटचं बोट सुटलं की मूठ हवेत काहीतरी शोधते, पुन्हा मिटते, रिकामीच. मग कीर्ती पायातल्या जोडव्यांचा आवाज न करता बाहेर पडते. त्या रिकाम्या मुठीला काहीतरी लागणारच की. आठवडाभर. तिला एकदम दिसलं की आर्जू त्या वळशाला का इतकं घट्ट धरते. अण्णांनी तिला सांगितलं असणार, हे तुझ्या आईनं केलंय. खिडकीची काच तिने पूर्ण बंद केली. तरी वारं येतच होतं.

पेठ नाक्याला तिने पारसला फोन लावला. तिचा नवरा मिरजेच्या एका दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा आणि रात्री गावी यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

‘तुटलंय का कुठं?’

‘नाही.’

‘मग वायरीची भीती मला नको सांगू. माझ्याकडं माणसं जोडलेली असतात वायरीला.’

‘पारस, तिनं धरलंय ते.’

मागे कुठलंतरी यंत्र टिक टिक वाजत होतं. ‘मी अण्णांना लावतो फोन.’

‘गाडीवर असले की उचलत नाहीत ते.’

‘ते चांगलंच हाय की,’ तो म्हणाला, आणि दोघांनाही त्याचं बरं वाटलं नाही.

फाट्यावर उतरून ती चालत घराशी आली तेव्हा ऊन पिवळं होऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं होतं. दारात आत्ती उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्या रस्त्याकडे बघत नव्हत्या, मावळतीकडे बघत होत्या. अण्णांचा नेम होता, दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आणि तो नेम त्यांनी तापातही मोडलेला नव्हता. म्हणून ते रोज ऊन असतानाच घरी असायचे. ओसरीत ताट वाढून झाकून ठेवलेलं.

‘तू गं कशी?’ आत्ती म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता, ‘अजून आली न्हाईत. कवाच याला पायजे हुती. ह्यो बग, चालला की खाली.’

कीर्तीच्या कानात उसाच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा भोंगा वाजत होता, जवळ येत होता, लांब जात होता. रस्त्याच्या त्या वळणावर सूर्य नेमका डोळ्यात येत होता, म्हणून आधी फक्त काळं काहीतरी दिसलं, मोठं, हळू, डुलणारं. मग त्याचे दोन तुकडे झाले. अण्णा गाडी ढकलत होते. एक हात हँडलवर, एक सीटवर, टोपी खिशात, सदरा पाठीला चिकटलेला. पुढे पेंडेचं पोतं, आणि पोत्यावर कानटोपी घातलेली आर्जवी राणीसारखी बसलेली. आईला बघून ती ओरडली, पण हात हलवला नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

आत्ती तांब्या घेऊन पुढे धावल्या. ‘प्या, प्या आदी. अजून हाय उजेड.’

अण्णांनी गाडी स्टँडला लावली, धापा टाकत मागे वळून पाहिलं. उसाच्या वर नुसता लाल पट्टा राहिला होता. ‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘गेला.’ आणि तांब्या हाताने बाजूला केला.

‘एवढं ढकलत आलाय, एक घोट—’

‘गेला म्हटलं न्हवं?’

ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि ओठांवरून जीभ फिरवली. कीर्तीकडे बघून म्हणाले, ‘सूनबाई, गाडी दमली बग तुझी. काटा तर भरल्याला दावत हुता. साखर कारखान्याच्या वळणाला हँडल मारलं आन् एकदम बंद. दिवा न्हाई, भोंगा न्हाई. मागनं उसाचा ट्रॅक्टर. ही म्हणती, अज्जा, पळ!’ ते खाकरून हसले. घसा कोरडा होता, हसू अर्ध्यातच खरखरलं. ‘त्यानं दाबला कडंला. लय वरडला मला. म्हटलं, गड्या, मी काय मुद्दाम थांबलोय व्हय?’

कीर्ती आर्जूला उचलायला गेली. मिठीत घेतलं, वास घेतला, पेंडेचा आणि तेलाचा. पण आर्जूचे हात तिच्या गळ्यात आले नाहीत. ते वळशावरच होते. वळसा पोरीबरोबर वर आला, सैल, एखाद्या गळ्यातल्या माळेसारखा. क्लिप नव्हती. तिच्या जागी एक रिकामं भोक होतं. अजून उजेड होता थोडा. तिने मोबाइलचा दिवा लावून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि वळसा कुठे जातो ते बघितलं. तो जायचा तिथेच गेला, दोन लोखंडी कडांच्या मध्ये. टेप तिथे चपटी, चकाकणारी. तिने नखाने ती सोडवली. आत निळ्या वायरीचं अंग कुरतडल्यासारखं झालं होतं, आणि तिच्या पोटातून तांबं लकाकत होतं. नवंकोरं. तांबं इतकं सुंदर असतं हे ती विसरली होती.

‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘ही वायर माझी आहे. मीच—’

‘तूच काढलीस न्हवं? मग तूच बघ की. मला काय सांगतीस, माझा घसा वाळलाय हितं.’ ते चिडून बोलले, पहिल्यांदाच तिच्यावर, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. त्या चिडण्याने तिला का कोण जाणे धीर आला.

फोटो पाठवल्यावर लगेच जयराजसरांचा फोन आला. आधी त्यांनी विचारलं, ‘पोरगी बरी आहे?’ ती हो म्हणाली. मग ते म्हणाले, ‘मीटिंग चालू आहे. ड्रॉइंग मी धरून ठेवलंय. पण एका फोटोवर ते म्हणतील, एका गाडीचं झालं. कीर्ती, आकडा लागेल गं. नाहीतर बदलून काय करायचं, किती मजबूत करायचं, तेही कळणार नाही.’

ओसरीच्या खुंटीला हुकाचा काटा टांगलेला होता. अण्णा त्यावर हळदीच्या पिशव्या तोलायचे. कीर्तीने तो काढला. हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर टाकून पोत्यावर ठेवला. बॅटरीची जोडणी सोडवली, खालचा हुक वळशात अडकवला आणि आर्जूला खाली उभं करून वरची कडी तिच्या हातात दिली.

‘हे काय?’

‘खेळ आहे. गाडी वळली, तू पडायला लागलीस. धर आणि खेच.’

आर्जूने एकदा अज्जाकडे बघितलं, एकदा आईकडे. तिला कळलं की सगळे आपल्याकडे बघतायत. तिने पाय रोवले, जीभ दातात धरली आणि खेचलं. काटा निघाला. हळदीच्या लहान पिशवीच्या वजनावरून पुढे गेला, मोठ्या पिशवीच्या वजनावरून पुढे गेला. कीर्तीला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे. ती ओसरीच्या दिव्याच्या उजेडात काट्यावर वाकली; तो थरथरत नव्हता. आत्ती तोंडाला पदर लावून उभ्या. अण्णांनी डोळे उघडले होते.

‘साडेसात किलो, सर.’

‘म्हणजे जवळपास पंचाहत्तर न्यूटन,’ पोत्यावरून आवाज आला, आणि मग हळूच, ‘बाप रे.’ कागदावर पेन चालल्याचा आवाज. ‘तिरकं घेतलंस का? आणि एका रीडिंगवर नाही चालत. पुन्हा घे.’

‘आई, सोडू?’ आर्जूने विचारलं. चेहरा लाल झाला होता, कानटोपी डोळ्यावर आलेली, बोटं कडीवर पांढरी पडलेली. करंगळीसुद्धा.

सोमवार अजून दूर होता. कीर्ती गुडघ्यांवर बसली, तिच्या उंचीएवढी, आणि एका हाताने तिच्या पाठीला आधार दिला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘धर. सोडू नकोस.’